अठरा महिन्यांच्या शिक्षेची बाकी

मुंबई हायकोर्टाच्या सेशन्समध्ये १४ सप्टेंबर १८९७ रोजी नऊ ज्यूरर विचारविनिमयासाठी आत गेले. त्यांत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. बाहेर आले तेव्हा मतेही तशीच विभागलेली होती. सहा जणांनी आरोपीला दोषी ठरवले होते, तिघांनी निर्दोष. न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांनी बहुमताचा कौल मान्य केला आणि ‘केसरी’चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. त्यांच्याबरोबर आरोपी असलेले मुद्रक केशव महादेव बाळ सुटले.

कलमात जन्मठेपेच्या काळ्या पाण्याची तरतूद असताना अठरा महिने हा आकडा मोठा नव्हता. तरीही हिंदुस्थानच्या फौजदारी कायद्यात इतक्या दूरवर पोचलेली शिक्षा क्वचितच सापडेल. टिळकांनी त्यातले बारा महिने तुरुंगात काढले आणि उरलेले सहा महिने कागदावर राहिले. त्या निकालाने कायद्याची भाषा बदलली. अकरा वर्षांनी दुसरी शिक्षा ठरताना तो निकाल न्यायाधीशांच्या समोर होता. त्या दुसऱ्या शिक्षेच्या मापाने पुढे अहमदाबादला आणखी एका माणसाची शिक्षा मोजली गेली. टिळक गेल्यानंतरही हा सिलसिला थांबला नाही.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६च्या उत्तरार्धात मुंबईत शिरलेली साथ नव्या वर्षाच्या आरंभी पुण्यात पोचली. फेब्रुवारी १८९७मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा घाईने संमत केला आणि पुण्याच्या प्लेग कमिटीची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे दिली. घरे तपासण्यासाठी गोरे सोजीर नेमले गेले. देवघरापर्यंत शिरणे, सामान रस्त्यावर आणून जाळणे, संशयितांना सेग्रिगेशन कँपात नेणे या गोष्टींनी शहर होरपळून निघाले. पुष्कळ पुढारी गाव सोडून गेले. टिळक मात्र राहिले, त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उघडण्यात पुढाकार घेतला आणि ‘केसरी’तून तक्रारी मांडत राहिले.

१२ जूनला पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात प्रा. भानू यांनी अफझलखानाच्या वधाची चर्चा केली. उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता १५ जूनच्या ‘केसरी’त छापून आली. बरोबर एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

पुण्यावर जादा पोलिसांचा कर बसला. नातू बंधूंना १८२७च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवताच, अटकेत ठेवले गेले. टिळकांनी ६ जुलैला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख लिहिला आणि पुढच्या आठवड्यात ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हा दुसरा. लोकांच्या स्मरणात हे दोन अग्रलेखच राहिले आहेत आणि शिक्षा त्यांच्यासाठीच झाली असा समज आजही आढळतो. खटला मात्र भरला गेला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे रँडवर गोळी झाडली जाण्यापूर्वी छापलेल्या शब्दांवर. कटाचा किंवा खुनाला चिथावणी दिल्याचा आरोप टिळकांवर ठेवलेलाच नव्हता. आरोप होता भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ खाली, सरकारविषयी अप्रीती पसरवल्याचा.

हे कलम दंडसंहितेत १८७०मध्ये घातले गेले. १८९१मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगबासी’ पत्रावर ते वापरून पाहिले गेले, पण ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि प्रकरण मिटवले गेले. म्हणजे टिळकांचा खटला उभा राहिला तेव्हा कलमाचा अर्थ किती ताणायचा हे पक्के झालेले नव्हते. २७ जुलैच्या रात्री मुंबईत अटक झाली. जामीन आधी नाकारला गेला. मग बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे अर्ज चालवला आणि ४ ऑगस्टला जामीन मिळाला. बचावासाठी बंगालमधून पैसा आला, कलकत्त्याहून पघ हे बॅरिस्टर आले. मराठीत लिहिलेल्या मजकुराचा निवाडा बहुसंख्य ज्यूररांनी इंग्रजी भाषांतरावरून केला.

स्ट्रेचींनी ज्यूरीला कायदा समजावून सांगताना कलमाचा अर्थ जितका रुंद करता येईल तितका केला. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असे ते म्हणाले. आणि द्वेष, वैर, तिरस्कार, सरकारविषयीची कोणत्याही प्रकारची दुर्भावना त्यांनी त्यात गणली. दंगल झाली की नाही, कुणी हत्यार उचलले की नाही, लेखकाला ते घडावे असे वाटत होते की नाही, हे प्रश्न या अर्थापुढे गैरलागू ठरत होते. वाचकाच्या मनात भावना जागवण्याचा प्रयत्न झाला, एवढे पुरे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपिलाची परवानगी मागण्यासाठी अॅस्क्विथ उभे राहिले, पुढे हेच गृहस्थ ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परवानगी नाकारली गेली. त्या नकारानेच स्ट्रेचींच्या अर्थाला सर्वांत वरच्या न्यायासनाचा टेकू मिळाला.

हा अर्थ साऱ्या न्यायाधीशांना पटला होता असे नाही. त्याच वर्षी इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राच्या संपादकाला साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली होती. ते अपील मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे गेले. त्या पीठावर महादेव गोविंद रानडे होते. अप्रीती म्हणजे नुसता प्रेमाचा अभाव नव्हे, ती उघड वैराची भावना असली पाहिजे, असे त्यांनी आपल्या निकालपत्रात मांडले. शिक्षाही बरीच खाली आणली गेली. पण सरकारने वेळ घालवला नाही. १८९८च्या दुरुस्तीने कलम १२४-अ नव्याने लिहिले गेले. त्यात द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले, आणि अप्रीतीत बेइमानी व वैराच्या सर्व भावना येतात असे स्पष्टीकरण जोडले गेले. जोडीला दोन समाजांत वैर पसरवण्याविरुद्धचे कलम १५३-अ आले. त्याच वर्षीच्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १०८ म्हणजे तिसरे हत्यार: राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून, गुन्हा शाबीत करण्याच्या भानगडीत न पडता, चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. ही तिन्ही कलमे पुढे टिळकांवर वापरली गेली.

इकडे तुरुंगात टिळकांची प्रकृती ढासळत होती. डोंगरी, भायखळा आणि मग येरवडा असा त्यांचा प्रवास झाला. वेदविद्येच्या अभ्यासामुळे त्यांना ओळखणारे मॅक्समुलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नवरोजी यांनी राणीकडे दयेचा अर्ज केला. सरकार सहा महिने माफ करायला तयार झाले, पण अटींवर. सुटकेच्या स्वागतसमारंभात भाग घ्यायचा नाही. पुन्हा राजद्रोहाचा गुन्हा घडला तर माफ केलेले सहा महिने भोगावे लागतील. टिळक वकिलीचे शिक्षण घेतलेले होते, त्यांनी अटीच्या शब्दांकडे बारकाईने पाहिले. कोणते लिखाण गुन्हा आहे हे सरकारने नव्हे तर न्यायालयाने ठरवायचे, असे स्पष्ट करून त्यांनी सही केली. ६ सप्टेंबर १८९८च्या रात्री ते घरी आले. ती सही सरकारी दप्तरात राहिली.

मधल्या काळात टिळकांना आणखी एक शिक्षा झाली, तिचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८९७च्या ऑगस्टमध्ये, जामिनावर सुटल्यावर काही दिवसांतच, त्यांचे स्नेही बाबामहाराज पंडित वारले आणि मृत्युपत्राप्रमाणे टिळक विश्वस्त झाले. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांच्या दत्तकविधानाच्या वादातून टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला उभा राहिला. १९०३च्या ऑगस्टमध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली आणि टिळकांना बेड्या घालून नेले गेले. मार्च १९०४मध्ये हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी दोषसिद्धीच रद्द केली. ही शिक्षा मुळापासून पुसली गेली, त्यामुळे पुढे कुणाला ती टिळकांच्या विरोधात वापरता आली नाही. राजद्रोहाच्या शिक्षेबाबत असे घडले नाही. तिथे दया मिळाली होती, निर्दोषत्व नव्हे. दयेमुळे तुरुंगातले दिवस कमी होतात, दोषसिद्धी जशीच्या तशी राहते.

१९०८ साल उजाडले. ३० एप्रिलला मुजफ्फरपूरला बाँब फुटला आणि केनेडी कुटुंबातल्या दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ‘केसरी’ने १२ मेच्या अंकात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनच्या अंकात ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असे लेख लिहिले. खुनाचा निषेध करतानाच, सरकारची दडपशाही अशा तरुणांना घडवते असे त्यांत म्हटले होते. २४ जूनला मुंबईत सरदारगृहातून टिळकांना अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. समोर न्यायासनावर होते दिनशा दावर, अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी झगडलेले तेच दावर. अर्ज फेटाळला गेला.

टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्यांचे भाषण एकूण एकवीस तास आणि वर दहा मिनिटे चालले. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. २२ जुलैच्या रात्री त्यांचा निकाल सात विरुद्ध दोन असा आला. आता पहिल्या शिक्षेचा विषय निघाला.

कायद्याने काय बंधन होते हे इथे समजून घ्यायला हवे. दंडसंहितेचे कलम ७५ पूर्वीच्या शिक्षेमुळे नवी शिक्षा वाढवण्याची मुभा देत होते, पण ते खोट्या नाण्यांचे आणि चोरी-दरोड्यासारखे मालमत्तेविरुद्धचे गुन्हे यांपुरते होते. राजद्रोहाला ते लागू नव्हते. म्हणजे टिळकांना जास्त शिक्षा द्यावी असे कायदा सांगत नव्हता. शिक्षेचे माप न्यायाधीशाच्या विवेकावर होते, आणि दावरांनी त्या विवेकात जुना निकाल आणून बसवला. दहा वर्षांपूर्वी न्यायालय तुमच्याशी फार सौम्यपणे वागले, सरकार त्याहूनही सौम्यपणे वागले, तुम्ही अटी मान्य करून सुटलात, तरी राज्यकर्त्यांविषयीचा तुमचा द्वेष इतक्या वर्षांत मावळला नाही, अशा आशयाचे ते बोलले. ज्या सहीमुळे सहा महिने वाचले होते, तीच आता आरोपीच्या कृतघ्नतेचा पुरावा म्हणून पुढे आली. राजद्रोहाच्या दोन आरोपांसाठी तीन-तीन वर्षे, एकापाठोपाठ एक, अशी सहा वर्षे काळे पाणी आणि तिसऱ्या आरोपासाठी हजार रुपये दंड. तिसरा आरोप होता १८९८ साली आलेल्या कलम १५३-अ खालचा.

दुसऱ्या दिवसापासून मुंबईतल्या गिरण्या बंद पडू लागल्या. सहा वर्षांसाठी सहा दिवस, असा गिरणी कामगारांचा निर्धार होता. रस्त्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या, माणसे मेली. सरकारने दंड माफ केला, काळ्या पाण्याऐवजी साधी कैद केली आणि टिळकांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. ‘गीतारहस्य’ तिथे लिहिले गेले. १९१२मध्ये सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. जून १९१४मध्ये त्यांना पुण्यात आणून सोडले, सहा वर्षांची पूर्ण मुदत भरायला थोडे दिवस असतानाच.

ते मंडालेला असताना बाहेर नियम बदलले होते. मोर्ले-मिंटो सुधारणांनी १९०९मध्ये कायदेमंडळांच्या जागा वाढवल्या, पण सहा महिन्यांहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या माणसाला निवडणुकीला उभे राहता येणार नाही, असे नियमांत घातले. सरकारनेच ही अपात्रता दूर केली तर गोष्ट निराळी. टिळक १८९५ आणि १८९७मध्ये मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून आले होते. पहिल्या खटल्यानंतर ते पुन्हा कधीच तिथे बसले नाहीत. ज्या सरकारवर टीका केली म्हणून शिक्षा झाली, त्याच सरकारच्या मेहेरबानीशिवाय लोकांचा प्रतिनिधी होता येणार नाही, ही योजना उघड अन्यायाची होती आणि तिचा फटका त्या काळच्या राष्ट्रीय पक्षाला सर्वांत जास्त बसला.

शिक्षेचे परिणाम तुरुंगाच्या भिंतीबाहेर किती पसरवता येतात, याचे त्या काळचे इतर दाखलेही महाराष्ट्रातच आहेत. नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९मध्ये कवितांच्या पुस्तिकेवरून जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्तीचाही हुकूम निघाला. मालमत्ता सरकारजमा करण्याच्या दंडसंहितेतल्या सर्वसाधारण तरतुदी १९२१मध्ये काढून टाकल्या गेल्या. बाबारावांचे धाकटे बंधू विनायकराव यांची बी.ए.ची पदवी मुंबई विद्यापीठाने काढून घेतली.

टिळकांचा पाठलाग १९१६मध्ये पुन्हा सुरू झाला. बेळगाव आणि अहमदनगरला त्यांनी होमरूलवर भाषणे केली. २३ जुलैला, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, कलम १०८ खालची नोटीस हातात पडली. मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात पुन्हा जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी भाषणे सुटी वाक्ये न काढता समग्र वाचली आणि नोव्हेंबरमध्ये हुकूम रद्द केला. राजद्रोहाच्या वादात टिळकांना न्यायालयात मिळालेला हा एक मोठा विजय.

लंडनमध्ये मात्र नशिबाने साथ दिली नाही. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने आपल्या पुस्तकात टिळकांना हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनक ठरवून खुनांशी त्यांचे नाव जोडले होते. टिळकांनी बदनामीचा दावा लावला. १९१९च्या आरंभी तो न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे चालला. बदनामीच्या दाव्यात वादीची अब्रूच तराजूत असते. चिरोलचे वकील सर एडवर्ड कार्सन यांनी ‘केसरी’तले उतारे आणि जुन्या शिक्षा इंग्रज ज्यूरीपुढे ठेवल्या. दावा गेला आणि खर्चाचे मोठे ओझे टिळकांवर पडले. १ ऑगस्ट १९२० रोजी ते वारले.

त्यानंतर वीस महिन्यांच्या आत, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादला न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे मोहनदास करमचंद गांधी उभे होते. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांसाठी, त्याच १२४-अ खाली. गांधींनी गुन्हा कबूल केला होता, प्रश्न होता फक्त शिक्षा किती द्यायची याचा. ब्रूमफील्ड यांनी सभ्यपणे सांगितले की याच कलमाखाली टिळकांना अखेरीस सहा वर्षांची साधी कैद भोगावी लागली होती, तेव्हा तुम्हाला त्यांच्या पंक्तीला बसवले तर ते गैर ठरणार नाही. प्रत्येक आरोपाला दोन वर्षे, एकूण सहा. टिळकांचे नाव आपल्याबरोबर घेतले गेले याचा गांधींनी अभिमान व्यक्त केला. १९०८च्या सहा वर्षांत १८९७च्या निकालाचा वाटा होता, म्हणजे कवितेच्या त्या जुन्या खटल्याचे वजन गांधींच्या शिक्षेतही उतरले. शिक्षेपाठोपाठ, नोव्हेंबर १९२२मध्ये, लंडनच्या इनर टेंपलने गांधींचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. ते परत घातले गेले १९८८मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

स्ट्रेचींचा अर्थ यानंतरही चालत राहिला. १९४२मध्ये फेडरल कोर्टाचे सर मॉरिस ग्वायर यांनी, सार्वजनिक शांतता बिघडवण्याकडे कल असल्याशिवाय राजद्रोह होत नाही, असा उदार निकाल दिला. १९४७मध्ये सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तो चुकीचा ठरवला आणि टिळकांच्या खटल्यातला अर्थच खरा असे सांगितले. इंग्रज देश सोडून निघाले त्या वर्षी कायद्याचा काटा पुन्हा १८९७वर आला होता. घटना समितीत कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीमुळे भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीतून राजद्रोह हा शब्द गळाला. दंडसंहितेतले कलम मात्र राहिले. १९६२मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले नाही, पण ग्वायर यांचा अर्थ स्वीकारला.

टिळकांच्या राजद्रोहाच्या दोन्ही दोषसिद्धी कुठल्याही न्यायालयाने रद्द केलेल्या नाहीत. त्या रद्द करण्याची वेळ निघून गेली होती. जुलै १९५६मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबई हायकोर्टात, ज्या दालनात १९०८चा खटला चालला त्याच्या बाहेर, टिळकांचे ज्यूरीच्या निकालानंतरचे उद्गार कोरलेली शिला बसवली. कायद्याच्या तांत्रिक अंगाने त्या शिक्षांचे समर्थन कुणी केले तरी त्या न्यायाला धरून नव्हत्या, असे ते तेव्हा म्हणाले. हायकोर्टाच्या प्रमुखाने असे बोलणे मोलाचे होते, पण त्याला न्यायालयीन आदेशाचे बळ नव्हते.

शिक्षा झालेल्यांची अपात्रताही स्वतंत्र देशाने ठेवली, निराळ्या मापाने. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झाली की शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. या मापाने टिळकांचे अठरा महिने आड आले नसते. १९०८च्या शिक्षेने मात्र त्यांना १९२०पर्यंत बाहेर ठेवले असते. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ खालची कारवाई स्थगित ठेवायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात राजद्रोह हे नाव नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे आणि त्यात जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्या कलमाच्या शब्दांची व्याप्ती किती, हा प्रश्न आता न्यायालयांपुढे येऊ लागला आहे.